आंबील : ऊन, कोमट आणि गार

धान्य आंबवून पांढुरके, गढूळ पेय करण्याची रीत आशियात अनेक ठिकाणी आढळते. जपानमधील 'निगोरी' साके हे त्यांपैकी एक. त्यात 'कोजी' ही बुरशी भातातील पिष्टाची साखर करते आणि यीस्ट त्या साखरेचे मद्य करते. आंबवण जाडसर गाळल्यामुळे भाताचा अंश पेयात उरतो. ते बहुधा थंड करून, बाटली हलकेच हलवून ओततात. सोलापूर जिल्ह्यात असा मान ज्वारीच्या आंबिलीला आहे. साम्य मात्र दिसण्यापुरतेच. आंबिलीत मुख्यतः दुग्धाम्ल तयार करणारे जीवाणू काम करतात. त्यामुळे ती आंबट होते, मादक नव्हे.

पंढरपूर तालुक्यातील करकंब हे गाव रब्बी ज्वारीच्या पट्ट्यातच येते. याच जिल्ह्यात मोहोळ येथे १९३० च्या दशकात 'मालदांडी ३५-१' हा वाण निवडला गेला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

कृती : अर्धी वाटी ज्वारीचे पीठ वाटीभर आंबट ताकात रात्रभर भिजवावे. सकाळी तीन वाट्या पाण्याला उकळी आणून मीठ, जिरे व ठेचलेला लसूण घालावा. आंबवलेले पीठ त्यात सतत ढवळत ओतावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. कच्चट वास जाईपर्यंत मंद आचेवर शिजवावे.

ऊन : हिवाळ्यात व पावसाळ्यात वाफाळती आंबील वाटीतून प्यावी. लसणाचा स्वाद या वेळी ठळक लागतो. सोबत शेंगदाण्याची चटणी शोभते.

कोमट : ताक घालण्याची हीच वेळ. कढत आंबिलीत ताक फुटते. शिवाय शिजवताना मेलेल्या जीवाणूंची उणीव हे ताजे ताक भरून काढते.

गार : निवताना पिष्ट घट्ट होते; म्हणून ताक वाढवून ती पातळ करावी व माठाजवळ ठेवावी. सोबत कच्चा कांदा हवा. डाळींची झणझणीत 'बाजार आमटी' ही करकंबची ओळख. आमटीत भाकरी कुस्करून खाल्ल्यावर जिभेची आग पाण्याने शमत नाही. ताकातील केसिन मात्र तिखटपणा धरून ठेवते. त्यामुळे गार आंबील येथे उपयोगी पडते.

दक्षता : सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात राबणाऱ्याला पाणी, मीठ व अन्न एकत्र देणारी आंबील आधार ठरते. परंतु याच उन्हात ती लवकर नासते. ताक घातलेली आंबील त्याच दिवशी संपवावी. बुरशी, तार किंवा उग्र वास आढळल्यास टाकून द्यावी. रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ बेताने घालावे. उष्माघाताची लक्षणे दिसल्यास मात्र आंबिलीवर विसंबू नये. रुग्णाला तातडीने दवाखान्यात न्यावे.