गंजिफा भिंतीवर नको, पोरांच्या हातात द्या

सावंतवाडीच्या गंजिफाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज फिरले. मीही दोन पाठवले. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. गंजिफा म्हणजे काय, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतात, 'ते गोल रंगवलेले पत्ते, फ्रेम करून लावतात ते.' ती कशी खेळतात, हे सांगणारा माणूस मात्र शोधावा लागतो. खेळ म्हणून जन्माला आलेली वस्तू आपण शोभेची करून ठेवली, हे मला सगळ्यात खटकतं.

थोडा इतिहास. 'गंजिफा' हा शब्द फारसीतून आला. हिंदुस्थानातला तिचा जुना उल्लेख बाबराच्या आठवणींत सापडतो. १५२७ साली त्याने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्यात आहे. अकबराच्या काळात अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बारा रंगांच्या, १४४ पानांच्या गंजिफाचं वर्णन केलं. पुढे रूढ झालेली मोगल गंजिफा आठ रंगांची, ९६ पानांची. आणि आपल्या लोकांनी काय केलं? दरबारातला हा खेळ घेतला आणि त्यात दशावतार बसवले. मत्स्य ते कल्की असे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं. एकूण १२०. परशुरामाच्या पानावर परशू, रामाच्या पानावर बाण, कल्कीच्या पानावर तलवार. जत्रेत रात्रभर दशावतारी नाटक बघणाऱ्या मुलखाला हे पत्ते ओळखीचे वाटले असतील, यात नवल ते काय!

आता यातली गंमत बघा. तिघांनी खेळायचं, प्रत्येकाला चाळीस पानं. हुकूम हा प्रकारच नाही. सगळ्या रंगांत राजा पहिला, प्रधान दुसरा. पण पुढे पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यात लहान, तर उरलेल्या पाच रंगांत बरोबर उलटं, एक्का मोठा आणि दश्शी लहान. डाव दिवसा मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो पहिली उतारी करतो, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा असलेला. कुठली पानं पडून गेली हे लक्षात ठेवल्याशिवाय जिंकता येत नाही. 'पत्ते कुटणे' म्हणून ज्याची हेटाळणी करतो, त्यातला हा प्रकार नव्हे.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. जुन्या काळी गंजिफा दोन तऱ्हेची बनायची, दरबार कलम आणि बाजार कलम. दरबार कलम म्हणजे बारीक कलाकुसरीची, श्रीमंतांसाठी. बाजार कलम म्हणजे साधी, भराभर रंगवलेली, सामान्य माणसाच्या ऐपतीतली. खेळ जिवंत ठेवला तो या दुसऱ्या तऱ्हेने, असं माझं मत आहे. पानं मळायची, झिजायची, पोरं चघळायची, मग नवा जोड यायचा. यंत्रावर छापलेले बावन्न पत्ते स्वस्तात मिळू लागले, तसा या बाजार कलमचाच धंदा बसला. उरली ती दरबार कलम.

तीसुद्धा जवळजवळ गेलीच होती. पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराच्या हातात ती शिल्लक होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून विद्या घेतली, राजवाड्यात कारागीर बसवले, नवी माणसं तयार केली. चिंचोक्याची खळ लावून थर चिकटवायचे, पांढरा लेप द्यायचा, घोटायचं, रंगवायचं, पाठीला लाख द्यायची, हे सगळं आज बघायला मिळतं ते त्या कष्टांमुळे. त्यांचे उपकार मोठेच. पण हाताने रंगवलेल्या पूर्ण जोडाला काही हजार रुपये पडतात, आणि ते रास्तही आहे. एवढी महाग वस्तू पाच वर्षांच्या पोराच्या हातात कोण देणार? 'हात लावू नको' हेच पहिलं वाक्य कानावर पडतं. मग खेळ शिकणार कधी?

म्हणून आम्ही घरी आमची बाजार कलम केली. जाड पुठ्ठ्यावर वाटी ठेवून गोल आखले, कापले, आणि नातीने स्केचपेनने मासे आणि बाण काढले. दोनच रंग, चोवीस पानं. जुन्या गंजिफावर आकडा लिहिलेला नसतो, सत्ता म्हणजे सात मासे मोजायचे. नुकतं मोजायला शिकलेल्या मुलाला याहून चांगला अभ्यास मला तरी माहीत नाही. माशात दश्शी मोठी, बाणात एक्का मोठा, एवढं ठरवलं. मला वाटलं होतं की या उलट्या क्रमाशी ती अडखळेल, पण तिला तर तेच सगळ्यात आवडलं. लहान दिसणारा एकटा बाण नऊ बाणांना खातो म्हटल्यावर घरातलं सगळ्यात लहान माणूस खूश होणारच. नियम सोपे ठेवले. एकाने पान टाकायचं, दुसऱ्याकडे त्या रंगाचं असेल तर तेच टाकायचं, मोठं पान डाव नेईल. रंग नसेल तर पहिल्याचाच डाव. महिन्याभराने कासव आणि परशू आले, अठ्ठेचाळीस पानं झाली, तिची आईही बसू लागली. आता संध्याकाळी डाव मांडताना 'दिवा लावला काय?' यावरून पहिली वादावादी होते, आणि प्रधानावर राजा पडला की 'आबा, तुजो प्रधान गेलो!' अशी आरोळी शेजारी ऐकू जाते.

माझी मागणी साधी आहे. मानांकन मिळालं, प्रदर्शनं भरली, चांगलं झालं. आता स्थानिक कारागिरांकडूनच चित्रं घेऊन, त्यांना त्याचा मोबदला देऊन, जाड कागदावर छापलेला स्वस्त जोड निघावा. सोबत मराठीत नियमांचं एक पान हवं, आणि मुलांसाठी दोन-चार रंगांचा छोटा डबा. जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि गावच्या वाचनालयांत एकेक ठेवा. स्वस्त जोडामुळे हाताने रंगवलेल्याचं गिऱ्हाईक तुटेल, अशी भीती काही जण घालतात. मला ते पटत नाही. लहानपणी पुठ्ठ्याच्या गंजिफावर वाढलेला माणूसच मोठेपणी खरी गंजिफा ओळखून विकत घेईल. ज्याला राजा आणि प्रधान यातला फरक कळत नाही, तो एकच पान घेऊन फ्रेम करतो.

चतुर्थीला चाकरमानी घरी येतील, आरती-भजनं आटपल्यावर रात्री पत्ते निघतीलच. त्यात एक डाव हा करून बघा, पोरांना घेऊन. आणि तुमच्या घरात, वाडीत कोणा आजी-आजोबांनी खरी गंजिफा खेळलेली असेल, डावांचा हिशेब कसा ठेवायचे, शेवटचं पान कसं टाकायचे हे त्यांना आठवत असेल, तर त्यांना बोलतं करून मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि खाली कळवा. कोकणात, गोव्यात, कुठेही असा. मी ते सगळं एकत्र लिहून काढायला घेतलंय.