खोक्यातला कूलर : पुरेसा की अपुरा?

१/ प्रोसेसरच्या खोक्यातच मिळणारा छोटा कूलर पुरेसा असतो का? डेस्कटॉप संगणक जुळवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर गेल्या तीस वर्षांत अनेकदा बदलले. ते का, याचा हा संक्षिप्त इतिहास.

२/ १९८५ च्या इंटेल ३८६ ला पंख्याची गरज नव्हती. १९९३ मध्ये ५ व्होल्टवर चालणारा पहिला पेंटियम आला. तो सुमारे १५ वॅट उष्णता निर्माण करी. हीटसिंक आणि पंखा यांची जोडी तेव्हापासून डेस्कटॉपमध्ये रुळली.

३/ २००१ मध्ये एक चित्रफीत गाजली. चालू संगणकांवरील हीटसिंक काढताच एएमडीचा अ‍ॅथलॉन धूर सोडून जळाला. पेंटियम ४ ने मात्र स्वतःचा वेग घटवून जीव वाचवला. पुढे हे संरक्षण सर्वत्र आले. परिणामी अपुरा कूलर प्रोसेसर जाळीनासा झाला. तो गुपचूप वेग कमी करू लागला. अपुरेपणा डोळ्यांना दिसेनासा झाला.

४/ २००४ चा 'प्रेस्कॉट' पेंटियम ४ काही आवृत्त्यांत ११५ वॅटपर्यंत पोहोचला. २००६ मध्ये कोअर २ ड्युओने हा आकडा ६५ वॅटवर आणला. आता खोक्यातला कूलर बहुतेकांना निर्धास्तपणे पुरू लागला.

५/ २००८ मध्ये इंटेलने 'टर्बो बूस्ट' आणले. तापमान आणि वीज यांच्या मर्यादेत वाव असेल, तर प्रोसेसर आपणहून वेग वाढवू लागला. म्हणजेच वेग किती मिळणार, हे काही अंशी कूलर ठरवू लागला. २०१५ चा कोअर आय७-६७००के तर कूलरविनाच विकला गेला. २०१७ मध्ये एएमडीने ६५ वॅटच्या रायझन ७ १७०० सोबत कूलर दिला, ९५ वॅटच्या १८००एक्स सोबत दिला नाही.

६/ २०२२ च्या आरंभी आलेले आय५-१२४०० आणि आय७-१२७०० पाहा. दोघांची मूळ वीजमर्यादा ६५ वॅट. दोघांसोबत 'लॅमिनार आरएम१' हा एकच कूलर. पण टर्बोची कमाल मर्यादा पहिल्याची ११७ वॅट, तर दुसऱ्याची १८० वॅट.

७/ म्हणून 'पुरेसा' या शब्दाचे दोन अर्थ झाले आहेत. मूळ वेग टिकवण्यास हा कूलर पुरतो. लेखन, अभ्यास आणि साधारण खेळ यांसाठी आय५ च्या ग्राहकाने वेगळा खर्च करण्याचे कारण नाही. मात्र आय७ वर तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला, विशेषतः उन्हाळ्यात, विकत घेतलेला वेग पूर्ण मिळणार नाही. संगणक बिघडणार नाही. कामाला वेळ अधिक लागेल. खरेदीपूर्वी ६५ हा आकडा वाचून थांबू नये, टर्बोचा आकडाही शोधावा.