बंदुकीला बॅटरी कुठून आली? एका खाचांच्या पट्टीचा इतिहास

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गडचिरोलीतल्या किंवा काश्मीरमधल्या जवानांचे फोटो आपण सगळेच बघतो, शेअर करतो. हल्लीच्या रायफली नीट बघितल्यात का? नळीवरच्या आवरणाला (त्याला हँडगार्ड म्हणतात) एक छोटी धातूची पट्टी असते, तिच्यावर कंगव्यासारख्या खाचा असतात आणि त्या खाचांत टॉर्च अडकवलेला असतो. आपल्याकडे त्याला सरळ बॅटरीच म्हणतात. मागच्या आठवड्यात एका वाचकाने कमेंटमध्ये विचारलं, "भाऊ, ही काय फॅशन आहे का?" फॅशन नाही. त्या पट्टीमागे मोठा इतिहास आहे आणि आपल्या पोलिसांशीही तिचा संबंध आहे.

बंदुकीला काहीतरी जोडायचं, ही गरज जुनीच आहे. सगळ्यात पहिली जोडणी म्हणजे संगीन. सुरुवातीच्या संगिनीची मूठ थेट नळीच्या तोंडात खुपसायची. म्हणजे संगीन लावली की गोळी बंद! १६८९ साली स्कॉटलंडमध्ये किलीक्रँकीच्या लढाईत सरकारी सैन्याला हे फार महागात पडलं. डोंगरावरून हायलँडर धावत आले आणि सैनिक संगिनी खुपसण्यात अडकले. ना गोळी झाडता आली, ना संगीन वेळेत बसली. पुढे नळीभोवती बसणाऱ्या कड्याची संगीन आली आणि नळीचं तोंड मोकळं राहिलं. संगीन तीच होती, फक्त बसवण्याची जागा बदलली आणि लढाईची रीतच बदलली.

आता बॅटरीकडे येऊ. याचं एक जुनं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. जिम कॉर्बेट मराठी वाचकाला नवा नाही. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याला त्यांनी मे १९२६ मध्ये गुलाबराई इथे आंब्याच्या झाडावर बसून, रात्री मारलं. तेव्हा रायफलला टॉर्च लावलेला होता. कारण साधं आहे. माणसाला हात दोनच. रायफल धरायला दोन्ही लागतात. मग उजेड कोणी धरायचा?

पुढची पन्नास-साठ वर्षं या प्रश्नाचं उत्तर जुगाडच होतं. नोव्हेंबर १९७० मध्ये अमेरिकन कमांडोंनी हनोईजवळच्या सोन ताय तुरुंगावर रात्री छापा घातला. सरावात रात्रीचा नेम लागत नव्हता, म्हणून त्यांनी बाजारात मिळणाऱ्या साइट विकत आणून रायफलींवर बसवल्या. सरकारी भांडारात तशी वस्तूच नव्हती. (कैदी आधीच दुसरीकडे हलवलेले होते, ती वेगळी गोष्ट.) मे १९८० मध्ये लंडनच्या इराणी दूतावासात ब्रिटिश एसएएसचे जवान घुसले, तेव्हा त्यांच्या एमपी-५ बंदुकांवर टॉर्च होते. खोल्यांत धूर आणि अंधार, समोर ओलीसही आणि दहशतवादीही. कोण कोण आहे हे दिसल्याशिवाय गोळी झाडणार कशी?

जवान त्या काळात चिकटपट्टी वापरायचे, पाण्याच्या पाइपला लावतात तसले क्लॅम्प वापरायचे. अडचण अशी की गोळी सुटली की रायफल झटका देते. दहा-वीस झटक्यांत क्लॅम्प सैल होतो, टॉर्च फिरतो. त्यात जुन्या बल्बची तार झटक्याने तुटायची. साइटचं तर आणखी अवघड. काढून परत लावली की नेम हललेला.

शिकारी रायफलींसाठी अमेरिकेत विल्यम वीव्हर यांच्या कंपनीची खाचांची पट्टी होती. चांगली होती, पण दोन खाचांमधलं अंतर ठरलेलं नव्हतं. एका पट्टीवर बसणारी वस्तू दुसरीवर बसेलच असं नाही. न्यू जर्सीतल्या पिकॅटिनी या लष्करी शस्त्रसंशोधन केंद्राने हे काम हाती घेतलं आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये एक मानक जाहीर झालं: मिल-स्टँडर्ड १९१३. अनेकांना वाटतं हे १९१३ सालचं आहे. तसं नाही, तो फक्त अनुक्रमांक आहे.

या मानकात काय आहे? खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर खोल, आणि एका खाचेच्या मध्यापासून पुढच्या खाचेच्या मध्यापर्यंत १०.०१ मिलिमीटर. पट्टीच्या कडा तिरक्या, क्लॅम्प दोन्ही बाजूंनी पकडतो, आणि क्लॅम्पचा आडवा दांडा खाचेत बसतो. झटका बसला तरी दांडा पुढे-मागे सरकत नाही. बस, एवढंच. पण या तीन आकड्यांमुळे कोणत्याही कंपनीचा टॉर्च कोणत्याही कंपनीच्या रायफलवर बसायला लागला.

शेतकरी मित्रांना हे लगेच कळेल. ट्रॅक्टरचं थ्री-पॉइंट लिंकेज आठवा. हॅरी फर्ग्युसन यांची ती देणगी. आज ट्रॅक्टर एका कंपनीचा, रोटाव्हेटर दुसऱ्याचा, नांगर गावच्या वर्कशॉपमधला, तरी सगळं जुळतं. जोडणीचं माप सगळ्यांसाठी एकच आणि उघड असलं की ग्राहक एका कंपनीचा गुलाम राहत नाही.

नाटोने २००९ मध्ये हेच मानक थोडं सुधारून स्वीकारलं. मग नवी अडचण आली. हँडगार्डच्या चारही बाजूंना पट्ट्या लावल्या की वजन वाढतं, कडा हाताला लागतात, आणि गोळीबारात धातू तापतो. गरज एका टॉर्चची, ओझं चार पट्ट्यांचं. म्हणून पुढची कल्पना आली: हँडगार्डला नुसत्या लांबट खाचा ठेवायच्या आणि जिथे गरज तिथेच दोन-तीन इंचांचा रेलचा तुकडा लावायचा. २०१४ मध्ये आलेली एम-लॉक पद्धत अशीच आहे. तुकड्याच्या मागे आडवा नट असतो. तो खाचेतून आत जातो, स्क्रू आवळला की ९० अंशांत वळतो आणि आतून पकडतो. त्या तुकड्यावर टॉर्च. काम झालं.

आता आपल्याकडचं बघू. इन्सास रायफल पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीई या संस्थेची निर्मिती. मूळ इन्सासवर पिकॅटिनी रेल नव्हती. त्यात संस्थेचा दोष काढणं अन्याय होईल, कारण आराखडा ऐंशीच्या दशकातला आणि मानक १९९५ चं. पण नंतर? रेलवाल्या रायफली जवानांच्या हातात मोठ्या संख्येने यायला फार वर्षं गेली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ७२,४०० सिग-७१६ रायफलींचा करार झाला. डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून जास्त एके-२०३ चा करार झाला, त्या अमेठीजवळच्या कोरवा इथे बनतात. दोन्हींवर रेल आहे. आणि पुण्याच्याच एआरडीईने महूच्या इन्फंट्री स्कूलसोबत २०२१ मध्ये 'अस्मी' मशीन पिस्तूल दाखवलं. तिचा आराखडा आणि विकास चार महिन्यांत झाला. म्हणजे मनावर घेतलं तर जमतं.

पोलिसांचं काय? २६/११ च्या रात्री सीएसएमटीवर आपल्या पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्री आणि लाठ्या होत्या, समोर एके-४७. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी तर फक्त लाठीच्या आणि स्वतःच्या छातीच्या बळावर कसाबला धरून ठेवलं. थ्री नॉट थ्रीला जोडायची सोय कशाची, तर संगिनीची. एका रेल्वे स्टेशनवर संगीन काय कामाची? त्या रात्री रेल असती तर सगळं बदललं असतं असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण रायफलवर कशाची सोय आहे, यावरून ती कोणत्या काळातल्या लढाईसाठी बनवलीय ते कळतं.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे, कारण रीलमध्ये ती कोणी सांगत नाही. बंदुकीवरची बॅटरी ही शोधायची बॅटरी नाही. तिचा उजेड जिथे, नळीचं तोंडही तिथेच. रात्री नाक्यावर गाडी तपासताना त्या बॅटरीने कोणी आत बघायला लागलं, तर गाडीतल्या आजीबाईवर बंदूक रोखली गेली असा त्याचा अर्थ होतो. म्हणून शोधायला हातातला टॉर्च वेगळा लागतो आणि प्रशिक्षणही वेगळं लागतं. शिवाय उजेड लावला की समोरच्यालाही तुम्ही कुठे आहात ते कळतं. कधी लावायचा आणि कधी लगेच बंद करायचा, हे सरावाशिवाय येत नाही.

मी वीस वर्षं टेंडरच्या बातम्या करतोय. एका गावात रस्त्यावरचे दिवे घेतले, त्यांचा ब्रॅकेट असा होता की दुसऱ्या कंपनीचा दिवा बसेचना. पहिला दर स्वस्त, नंतर प्रत्येक दिव्याला मागेल तो भाव. शस्त्रांच्या खरेदीतही धोका हाच असतो. वस्तूची किंमत सगळे विचारतात, जोडणी कोणत्या मानकाची आहे हे कोणी विचारत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी 'पोलिसांसाठी आधुनिक शस्त्रे' अशी बातमी आली की नुसता जय हिंद लिहून थांबू नका. जोडणी उघड मानकाची आहे का? सरावाला काडतुसं दरवर्षी मिळणार का? रात्रीच्या पाळीतल्या शिपायाला हातातला साधा टॉर्च तरी सरकारी मिळतो, की तो स्वतःच्या खिशातून घेतो? आमदारांना विचारा, माहितीच्या अधिकारात विचारा. शस्त्रांची संख्या आणि जागा गोपनीय असू शकते. टॉर्च आणि प्रशिक्षणाचा खर्च गोपनीय असायचं काही कारण नाही.

तुमच्यापैकी कोणी सैन्यात किंवा पोलिसात नोकरी केली असेल, तर तुमच्या काळात रात्रीच्या उजेडाची काय सोय होती ते कमेंटमध्ये नक्की लिहा. नावं आणि ठिकाणं लिहू नका, अनुभव लिहा. पटलं तर शेअर करा.