अभ्यंकरांचे बीजगणित आणि आपली मुले



गणिताचा शिक्षक या नात्याने दरवर्षी पालकसभेत एक वाक्य माझ्या कानी पडते. ‘सर, आमच्या घरात गणित कुणालाच जमले नाही.’ वाक्य पालकांचे असते, पण शेजारी उभी असलेली मुलगी ते ऐकत असते. आठवीत बरे गुण मिळवणारी हीच मुलगी नववीत गणिताला घाबरू लागते. या वाक्याला उत्तर म्हणून एका गणितज्ञाची हकीकत आज सांगावीशी वाटते.

श्रीराम शंकर अभ्यंकर यांचा जन्म २२ जुलै १९३० रोजी उज्जैन येथे एका मराठी कुटुंबात झाला. त्यांचे वडील ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक होते. श्रीराम मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९५१ साली पदवीधर झाले. आपल्या मीरा रोड-भाईंदरच्या लोकलने चर्चगेटला उतरून पायी जाता येईल, अशी ही संस्था आहे. तेथून ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि ऑस्कर झारिस्की या थोर गुरूच्या हाताखाली १९५५ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

त्यांचा विषय होता बैजिक भूमिती. नावाला भिऊ नका. समीकरण मांडणे हे बीजगणित, त्याचा आलेख पाहणे ही भूमिती; दोहोंचा मेळ म्हणजे हा विषय. विद्यार्थी मित्रहो, वही घ्या आणि ‘क्षचा वर्ग = यचा घन’ या समीकरणाचा आलेख काढा. आरंभबिंदूपाशी वक्राला टोक आलेले दिसेल. अशा टोकापाशी नेहमीच्या रीती अडखळतात. आता क्षच्या जागी ‘त गुणिले य’ लिहा आणि दोन्ही बाजूंना यच्या वर्गाने भागा. उरते ‘तचा वर्ग = य’. याचा आलेख काढलात तर गुळगुळीत अन्वस्त मिळेल. टोक नाहीसे झाले, आणि आपण वापरले ते केवळ शाळेतले बीजगणित!

वक्रापुरते हे सोपे आहे. पृष्ठांसाठी आणि त्याहून अधिक मितींसाठी ते अतिशय कठीण होते. त्यातही आठवड्याच्या वारांप्रमाणे फिरून फिरून त्याच जागी येणाऱ्या संख्या घेतल्या, तर जुन्या पद्धती चालेनाशा होतात. अशा संख्यांच्या बाबतीत पृष्ठांचा प्रश्न अभ्यंकरांनी आपल्या प्रबंधातच सोडवला. पुढे १९६६ साली तीन मितींचा प्रश्नही त्यांनी बव्हंशी सोडवला. चार आणि त्यापुढील मितींचे सर्वसाधारण उत्तर अद्याप कुणालाही मिळालेले नाही. ते आपल्यापैकी कुणाची तरी वाट पाहत आहे.

एवढा मोठा माणूस शाळेतल्या बीजगणिताला कमी लेखीत नसे. अमूर्त सिद्धान्तांच्या काळातही त्यांनी प्रत्यक्ष आकडेमोडीची बाजू आग्रहाने मांडली. आपल्या विषयाच्या इतिहासाची त्यांना ओढ होती. बैजिक भूमितीच्या इतिहासावर त्यांनी १९७६ साली लिहिलेल्या निबंधाला १९७८ साली अमेरिकेतील शोव्हने पारितोषिक मिळाले. त्याच १९७६ साली त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. आपल्या पूर्वजांचे नाव देऊन नव्या पिढीसाठी गणिताचे घर बांधावे, ही त्यामागची दृष्टी मला मोलाची वाटते.

हा इतिहास आपल्यालाही परका नाही. ‘अल्जिब्रा’ हा शब्द बगदादच्या अल-ख्वारिझ्मी यांच्या नवव्या शतकातील ग्रंथनामातील ‘अल-जब्र’ या शब्दावरून आला. पुढे उमर खय्याम (१०४८ ते ११३१) यांनी घनसमीकरणांची उत्तरे वक्रांच्या छेदनबिंदूंनी काढली. समीकरण आणि आकृती यांचा मेळ त्यांनी तेव्हाच घातला होता. रुबायांमुळे खय्यामांचे नाव आपण ऐकतो. गणिती खय्याम मात्र मुलांना कुणी सांगत नाही.

अभ्यंकर १९६३ पासून अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात शिकवीत होते. याच राज्यात १८९५ साली एल्बर्ट कॉक्स जन्मले. गणितात डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. साल होते १९२५, आणि वर्णभेद कडक होता. पुढे पर्ड्यूमध्येच २००४ साली एड्रे गॉइन्स हे कृष्णवर्णीय गणितज्ञ रुजू झाले. संख्याशास्त्राऐवजी अंकसिद्धान्त आणि बैजिक भूमिती यांत संशोधन करता करता त्यांनी आपल्या समाजातील गणितज्ञांचा इतिहासही गोळा करण्याचे काम हाती घेतले. कारण उघड आहे. ‘आपल्यातले कुणी हे केलेले नाही’ असे ज्या मुलाला वाटते, ते मूल वही उघडण्याआधीच हार मानते.

अभ्यंकर २ नोव्हेंबर २०१२ रोजी निवर्तले. तोवर त्यांचे संशोधन सुरू होते. पालकहो, त्यांच्या घरी गणित होते, हे खरे. आपल्या घरी ते नसेल, तर आपल्या मुलीपासून सुरू होऊ द्या. पुढच्या सभेत ते जुने वाक्य तिच्यासमोर उच्चारू नका. त्याऐवजी आज रात्री तिला जवळ बसवा आणि ‘तो टोकाचा आलेख मला काढून दाखव’ एवढेच सांगा.