युतीचा हिशेब : देवळालीतून पाहताना

'युती' हा शब्द पंचांगात नेहमी भेटतो. दोन ग्रह आकाशात एकाच ठिकाणी दिसू लागले, की त्यांची युती झाली असे म्हणतात. पाहणाऱ्याला ते शेजारी शेजारी दिसतात; प्रत्यक्षात प्रत्येकाची कक्षा निराळी असते. महाराष्ट्राच्या राजकारणात काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सोबतीला 'आघाडी' आणि शिवसेना-भाजपच्या सोबतीला 'युती' म्हणण्याची रीत पडली, ती कुणी ठरवून पाडली नसावी. पण शब्द चपखल बसला, हे मान्य करायला हवे.

या युतीचा इतिहास बहुधा मुंबईतून सांगितला जातो. शिवतीर्थावरच्या सभा, 'मातोश्री'वरच्या भेटी, बाळासाहेब ठाकरे आणि प्रमोद महाजन यांचे जुळलेले सूर, आणि मग २०१४ आणि २०१९ सालचे दुरावे. हे सारे खरे आहे. पण यात युती म्हणजे दोन-चार माणसांच्या स्नेहाची आणि रुसव्याची गोष्ट होऊन बसते. आम्हांस असे वाटते, की युतीचा खरा दस्तऐवज म्हणजे जागावाटपाची यादी. ती यादी वाचायची तर मुंबईपेक्षा एखाद्या मतदारसंघातून वाचावी. आम्ही देवळाली निवडली आहे.

देवळाली कॅम्प म्हटले की बाहेरच्या माणसाला लष्कराची छावणी, तोफखान्याची शाळा, लाम रोडवरची झाडी आणि हवापालटासाठी बांधलेली गुजराती-पारशी आरोग्यभुवने आठवतात. ब्रिटिश काळात मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे शिपाई इथे महिनोन्‌महिने पडून राहत. त्या कंटाळ्याने डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलाली' म्हणू लागले. पण विधानसभेची देवळाली या छावणीपुरती नाही. शेजारचे भगूर आणि भोवतालची शेतीवाडीची गावेही तीत येतात. भगूर हे वि. दा. सावरकरांचे जन्मगाव. म्हणजे हिंदुत्वाच्या राजकारणाला भूगोलच हवा असेल, तर तो इथे आयता आहे. त्याच वेळी हा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, आणि ज्या नाशिक तालुक्यात तो आहे तिथेच १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. त्या सत्याग्रहातले एक अग्रणी दादासाहेब गायकवाड १९५७ साली नाशिकमधूनच लोकसभेवर गेले. हे दोन्ही वारसे एकाच मतपेटीत उतरतात, ही गोष्ट लक्षात ठेवून पुढे जाऊ.

१९८० साली भाजप स्थापन झाला तेव्हा शिवसेना त्याची स्वाभाविक मित्र होती, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९८४च्या लोकसभा निवडणुकीत मनोहर जोशी आणि वामनराव महाडिक हे शिवसेनेचे नेते मुंबईत कमळ या चिन्हावर लढले आणि हरले, हे खरे. पण लगेच १९८५ साली भाजप शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या छायेत विधानसभा लढवत होता आणि शिवसेना एकटीच मुंबई महानगरपालिका जिंकत होती. १९८७च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत शिवसेनेचे रमेश प्रभू हिंदुत्वाच्या उघड प्रचारावर निवडून आले, तेव्हाही भाजप त्यांच्या बाजूस नव्हता. पुढे न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरवली. मात्र या मुद्द्यावर मते मिळतात, आणि ती दोघांत वाटली गेली तर वाया जातात, हा धडा दोन्ही पक्षांनी घेतला. १९८९च्या युतीमागे विचार होताच. पण विचाराला व्यवहाराची जोड या धड्याने दिली.

आता यादीकडे वळू. १९९०च्या विधानसभेला शिवसेना १८३ जागा लढली आणि ५२ जिंकली. भाजप १०४ लढला आणि ४२ जिंकला. १९९५ साली शिवसेना १६९ पैकी ७३, भाजप ११६ पैकी ६५. सरकार आले, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले आणि गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री. २००९ साली शिवसेना १६० पैकी ४४ आणि भाजप ११९ पैकी ४६. या आकड्यांत युतीचे सारे भविष्य लिहिलेले आहे. धाकट्या भावाचे यश लढवलेल्या जागांच्या मानाने दर वेळी थोरल्यापेक्षा जास्त होते. त्याला कारणेही होती. धाकटा मोजक्या आणि निवडक जागा मागतो. थोरल्याला कठीण जागांचे ओझेही वाहावे लागते. पण हिशेबाच्या वहीत कारणे लिहीत नाहीत. २००९ साली कमी जागा लढवून भाजपचे आमदार जास्त आले, तेव्हा थोरला कोण हा प्रश्न उघड्यावर आला.

त्यात एक अलिखित नियम असा होता, की ज्याचे आमदार जास्त त्याचा मुख्यमंत्री. वरवर न्याय्य दिसणाऱ्या या नियमाने मित्राच्या जागेवर मित्राचा पराभव होण्यात प्रत्येकाचे हित निर्माण केले. १९९९ साली युतीचे एकूण १२५ आमदार आले, काँग्रेस आणि राष्ट्रवादी वेगवेगळे लढले असूनही सत्ता गेली, आणि मुख्यमंत्रिपद कुणाचे यावरची ओढाताण साऱ्या महाराष्ट्राने पाहिली.

या यादीत देवळालीच्या वाट्याला काय आले? ऐंशीच्या दशकात इथून कमळ निवडून येत असे. त्या काळातल्या भाजप आमदारांत बाबुलाल अहिरे हे एक नाव. १९९०च्या वाटपात ही जागा शिवसेनेकडे गेली. बबनराव घोलप धनुष्यबाणावर निवडून आले, आणि एकदा नव्हे, १९९० ते २००९ सलग पाच वेळा. १९९५च्या सरकारात ते समाजकल्याण मंत्रीही झाले. नाशिक हा शिवसेनेचा गड मानला जाऊ लागला. १९९४ साली पक्षाचे राज्य अधिवेशन इथेच भरले, आणि एकनाथांच्या भारुडातून देवीला घातलेली हाक घोषणा म्हणून इथूनच महाराष्ट्रभर गेली.

लोकसभेचेही तसेच झाले. १९८९ साली नाशिकमधून भाजपचे दौलतराव आहेर निवडून आले होते. पण १९९६ साली राजाराम गोडसे शिवसेनेचे खासदार झाले, आणि तेव्हापासून युतीत ही जागा शिवसेनेचीच राहिली. म्हणजे देवळालीतल्या भाजपच्या मतदाराला १९९० पासून पुढची जवळजवळ पाव शतके विधानसभेच्या मतपत्रिकेवर, आणि नंतर यंत्रावर, आपल्या पक्षाचे चिन्ह दिसले नाही. लोकसभेलाही १९९६ पासून दिसले नाही. कार्यकर्त्याने दर निवडणुकीत मित्राचा झेंडा खांद्यावर घ्यायचा आणि स्वतःच्या उमेदवारीची आशा महापालिकेच्या प्रभागापुरती ठेवायची.

अशी जागा सोडणे पक्षाला सोपे का जाते, याचा विचार करता आम्हांस एक गोष्ट जाणवते. राखीव मतदारसंघात पक्षातले बलिष्ठ समाजाचे पुढारी स्वतः उमेदवार नसतात. त्यामुळे तिथल्या जागेसाठी मुंबईत जाऊन हट्ट धरणारा आवाज क्षीण असतो. सोडचिठ्ठीच्या वेळी आधी हात जातो तो अशा जागांवर. राज्यघटनेने प्रतिनिधित्वासाठी राखून ठेवलेली जागा वाटाघाटीत सुट्या नाण्यासारखी वापरली जावी, ही बाब साधी नाही. घोलपांसारखा नेता अशा जागेवर पाय रोवून उभा राहिला आणि आपल्या चर्मकार समाजाचा राज्यभराचा पुढारी झाला, हा त्यांचा पराक्रम म्हणावा लागेल. वाटप करणाऱ्यांचा हेतू तो नव्हता.

हा पेच केवळ आपला नाही. पश्चिम जर्मनीत ख्रिस्ती लोकशाही पक्षांनी भूगोलच वाटून घेतला: बव्हेरियात एक पक्ष, उरलेल्या देशात दुसरा. १९७६ साली बव्हेरियाच्या फ्रान्झ योझेफ श्ट्राउस यांनी ही गाठ सोडण्याचे ठरवले. मग आम्हीही बव्हेरियात उतरू असे थोरल्या पक्षाने बजावताच काही आठवड्यांत निर्णय मागे गेला. ऑस्ट्रेलियाची वाट निराळी. १९१८ साली स्वॉन येथील पोटनिवडणुकीत उजव्या बाजूची मते फुटून मजूर पक्ष जिंकला, आणि त्याच वर्षी तिथल्या सरकारने पसंतीक्रमाने मतदानाची पद्धत आणली. तेव्हापासून तिथे दोन मित्रपक्ष एकाच जागी उभे राहिले तरी मतदार पहिली पसंती एकाला आणि दुसरी दुसऱ्याला देऊ शकतो. मते फुटत नाहीत. आपल्याकडे ना भूगोल स्वच्छ वाटलेला, ना दुसरी पसंती देण्याची सोय. म्हणून कुणी लढायचे हा निर्णय मतदाराच्या हातातून निघून बंद खोलीत जातो. 'मैत्रीपूर्ण लढत' हा आपला शोध त्या खोलीत न मिटलेल्या भांडणाचे सभ्य नाव आहे.

बंद खोलीतली ही कामगिरी निभावणारी पिढी एकेक करून गेली. २००६ साली महाजन, २०१२ साली बाळासाहेब, जून २०१४ मध्ये मुंडे. त्यानंतर चारच महिने झाले नाहीत तोच, २५ सप्टेंबर २०१४ रोजी, युती तुटली. कारण पुन्हा यादीच. शिवसेनेला १५१ जागांचा हट्ट सोडवेना आणि लोकसभेत मोठे यश मिळवलेल्या भाजपला जुना आकडा मानवेना. स्वतंत्र लढून भाजपचे १२२ आणि शिवसेनेचे ६३ आमदार आले. थोरला कोण, याचा निकाल लागला.

देवळालीत त्या वर्षी कमळ परतले. पण इतक्या वर्षांच्या पडीक जमिनीत एका हंगामात पीक येत नाही. बबनरावांचे पुत्र योगेश घोलप धनुष्यबाणावर निवडून आले. २०१९ साली पुन्हा युती झाली आणि जागा पुन्हा शिवसेनेकडे गेली. मात्र या वेळी एक निराळी गोष्ट घडली. बाबुलाल अहिरे यांच्या कन्या सरोज अहिरे भाजपच्या नगरसेविका होत्या. त्यांनी पक्ष सोडला, राष्ट्रवादीचे घड्याळ घेतले आणि योगेश घोलप यांना चाळीस हजारांहून अधिक मतांनी हरवले. एकोणतीस वर्षांपूर्वी वाटपात दिलेली जागा भाजप आमदाराच्या घरातच परत आली, पण तिसऱ्याच पक्षाच्या चिन्हावर. एवढे मताधिक्य केवळ राष्ट्रवादीच्या परंपरागत मतांचे होते असे आम्हांस वाटत नाही. मित्राला मत देऊन देऊन थकलेल्या मतदाराचा त्यात वाटा असावा.

पुढचा इतिहास वेगाने घडला. २०१९ अखेर उद्धव ठाकरे काँग्रेस-राष्ट्रवादीसह मुख्यमंत्री झाले. २०२२ मध्ये शिवसेना फुटून एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने धनुष्यबाण त्यांना दिला. त्याच वर्षी अजित पवारही सत्तेत आले; सरोज अहिरे त्यांच्यासोबत गेल्या. म्हणजे १९९० साली दोघांत वाटलेली देवळाली २०२४ मध्ये महायुतीच्या तिघांत वाटायची वेळ आली. जागा विद्यमान आमदार म्हणून राष्ट्रवादीला सुटली. तरी अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी शिंदे यांच्या शिवसेनेचा एबी फॉर्म मुंबईहून हवाई मार्गाने नाशिकला पोहोचला आणि राजश्री अहिरराव धनुष्यबाणावर उभ्या राहिल्या. माघारीची मुदत टळली, आणि एकाच युतीची दोन चिन्हे यंत्रावर राहिली. योगेश घोलप ठाकरे यांच्या पक्षाकडून मशालीवर होते. सरोज अहिरे सुमारे चाळीस हजार मतांनी जिंकल्या, अहिरराव दुसऱ्या आल्या. ज्या धनुष्यबाणासाठी ही जागा इतकी वर्षे राखली गेली, तो या वेळी युतीच्याच उमेदवाराविरुद्ध ताणला गेला होता.

आणि जून २०२५ मध्ये बबनराव घोलप भाजपमध्ये दाखल झाले. भाजपच्या आमदाराची कन्या घड्याळावर आमदार आहे आणि शिवसेनेचा पाच वेळचा आमदार भाजपात आहे. ही अदलाबदल कुणाला संधिसाधूपणाची वाटेल. तो नसेलच असे आम्ही म्हणत नाही. पण माणसांना दोष देऊन थांबलो तर यादीची करणी झाकली जाते. युतीने स्पर्धा मिटवली नव्हती, पुढच्या पिढीवर ढकलली होती. तिच्यामुळे १९९५ सालचे सत्तांतर शक्य झाले, हा तिचा लाभ. तो नाकारता येणार नाही. त्याची किंमत मात्र मुंबईत कुणी मोजली नाही. ती देवळालीसारख्या ठिकाणी मोजली गेली: ज्या कार्यकर्त्याला स्वतःचे चिन्ह कधी मिळाले नाही त्याने, आणि आपल्यासमोर कोणते पर्याय ठेवायचे हे दर वेळी दुसऱ्यांनी ठरवलेले पाहणाऱ्या मतदाराने.

काळारामाच्या दाराशी जे उभे राहिले, त्यांची मागणी आत येऊ देण्याची होती. राखीव मतदारसंघ हे त्या मागणीला मिळालेले एक उत्तर. त्या मतदारसंघातून कोण उभे राहील याचा निर्णय तिथल्या माणसांना न विचारता होत असेल, तर दार उघडले आहे की नुसतेच रंगवले आहे, हे ज्याने त्याने पाहावे.