मदतमाश : कैरोत भाकरी, तुर्कस्तानात पगार, आपल्याकडं सातबारा

मंडळी, आज बातमी नाही. एका शब्दाचा इतिहास सांगतो. पण वरवर वाचून पुढं जाऊ नका, कारण हा शब्द मराठवाड्यातल्या कितीतरी जमिनींच्या कागदावर बसलेला आहे. शब्द आहे 'मदतमाश'.

गोरेगावला पारावर विचारा, सेनगावला तहसीलच्या बाहेर विचारा. कुणी मदतमाश म्हणतं, कुणी मदतमास. मदत कळते सगळ्यांना. माश म्हणजे काय, यावर मात्र दहा जणांची दहा उत्तरं. मास म्हणजे महिना, म्हणून दरमहा मदत, असंही सांगणारे भेटतात. ऐकायला पटतं, पण तसं नाही.

गोंधळ कुठं झाला ते बघा. निजामाच्या राज्यात दप्तराची भाषा आधी फारसी आणि नंतर उर्दू. त्या लिपीत 'ऐन' नावाचं एक अक्षर आहे. कागदावरच्या 'मआश' मध्ये ते ऐन आहे. उर्दूत 'माश' असाही एक शब्द आहे, त्यात ऐन नाही. त्याचा अर्थ उडीद. तो आला संस्कृतच्या 'माष' वरून, आणि सोनाराचा मासा, म्हणजे तोळ्याचा बारावा भाग, हाही त्याच घरातला. महिन्याचा मास पुन्हा वेगळा, तोही संस्कृतच. आपल्या लिपीत ऐनला जागा नाही. त्यामुळं नोंदी मराठीत आल्या तेव्हा ते अक्षर गळालं आणि तीन वेगवेगळ्या कुळांतले शब्द एकसारखे दिसायला लागले.

आपला मआश हा अरबी. त्याचं मूळ 'ऐश', अर्थ जगणं. हो, आपण 'ऐश करतोय गडी' म्हणतो तीच ऐश! अरबीत ती साधं जगणं होती, आपल्याकडं येईपर्यंत चैन झाली. इजिप्तमध्ये तर ऐश म्हणजे चक्क भाकरी. बाकीचे अरब भाकरीला 'खुब्ज' म्हणतात, कैरोवाले ऐश म्हणतात. २०११ साली तिथल्या तहरीर चौकात लोक ऐश मागत होते, ते चैन मागत नव्हते, भाकरी मागत होते. तुर्कस्तानात 'माश' म्हणजे नोकरदाराचा पगार. इजिप्तमध्ये 'मआश' म्हणजे पेन्शन. उर्दूत अर्थशास्त्राला 'मआशियात' म्हणतात. सगळीकडं धागा एकच, पोट भरण्याचं साधन.

म्हणजे 'मदद-ए-मआश' याचा सरळ अर्थ पोटापाण्यासाठी मदत. मोगल बादशहा विद्वानांना, फकिरांना, निराधार घराण्यांना अशा जमिनी देत. मुसलमानांना जास्त मिळाल्या, पण केवळ त्यांनाच नाही. पंजाबात जखबर इथं जोग्यांची गादी आहे, तिला अकबराच्या काळापासून अशी जमीन होती.

आता मुद्द्याचं. १६९० साली औरंगजेबानं ह्या जमिनी वारसांकडं चालू ठेवायला मान्यता दिली. पण सोबत एक पाचर मारून ठेवली : जमीन 'आरियत' आहे, म्हणजे उसनी. खा, पिका, पोरांना द्या, पण मालक तुम्ही नाही.

निजामानं हीच पद्धत पुढं चालवली. इनामांची चौकशी करणारं त्याचं खातं होतं 'अतियात'. अतियात म्हणजे देणग्या. चौकशीअंती जो कागद मिळायचा तो 'मुंतखब'. आजही इनाम जमिनीचा वाद निघाला की वकील आधी मुंतखब मागतो.

आपण इनाम म्हणलं की बक्षीस समजतो. कुस्ती जिंकली, इनाम घेतलं, विषय संपला. म्हणून लोकांना वाटतं, आजोबाला इनाम मिळालं म्हणजे जमीन आपलीच. दप्तराच्या भाषेत इनाम म्हणजे अटी घालून दिलेलं देणं.

१९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५४ ला हैदराबाद राज्यानं इनामं रद्द करणारा कायदा केला. मदतमाश जमिनी सरकारजमा होऊन कब्जेदारांकडं आल्या, पण शर्तीसह. भोगवटादार वर्ग २ म्हणतात ते हेच. धर्मादाय संस्थांची इनामं आणि गावकामाची इनामं मात्र त्या कायद्याबाहेर ठेवली. आणि हितंच दुसरा शब्द येतो, 'खिदमतमाश'. खिदमत म्हणजे सेवा. देवळात दिवाबत्ती करायची, मशिदीत, दर्ग्यात सेवा करायची, त्या बदल्यात जमीन कसून खायची. ती जमीन संस्थेच्या सेवेसाठी आहे, सेवेकऱ्याची मालकीची नव्हे.

दोन्ही शब्दांचं शेपूट एकच, माश. फरक पुढच्या अर्ध्या शब्दात. पण त्या अर्ध्या शब्दावर कुणाची जमीन कुणाच्या नावावर लागणार हे ठरतं. बॉंडवर सौदा झाला, पैसे दिले, घर बांधलं, आणि दहा वर्षांनी शर्तभंगाची नोटीस आली, अशी माणसं ह्या व्यवसायात मी कितीदा बघितली. जमीन विकणाऱ्यानं अर्थ सांगितला नव्हता, घेणाऱ्यानं विचारला नव्हता. २०२४ ला सरकारनं मदतमाश जमिनी नियमित करण्याचा नजराणा बराच खाली आणला. चांगली गोष्ट आहे. पण तो फायदा घ्यायचा तरी आधी आपल्या कागदावर 'मदत' लिहिलंय का 'खिदमत', हे माहीत पाहिजे.

माझं म्हणणं एवढंच. आपल्या बापजाद्यांचे कागद उर्दूत आहेत म्हणून ते परके नाहीत. आपल्या शिवाराचाच तो हिशोब आहे. गावात उर्दू वाचणारी म्हातारी माणसं अजून आहेत. कुणी निवृत्त गुरुजी आहेत, कुणी मौलवीसाहेब. जुना कागद पेटीत असेल तर त्यांच्याकडून वाचून घ्या, मग तहसीलमधून नक्कल काढा, मगच इसार द्या किंवा घ्या.

तुमच्याकडच्या जुन्या कागदावर असा कुठला शब्द अडला असेल तर खाली लिहा. जाणकारांना विचारून त्यावरही लिहीन. आणि ज्याच्या घरात जमिनीचा सौदा चाललाय, त्याला ही पोस्ट जरूर पाठवा.