अवदसा आठवली!

कशेडीला आमच्या आजोळी दिवाळीआधी भिंती पांढऱ्या करायच्या म्हणून परसात पिंपभर कळीचा चुना भिजत घालत. तो रटरटत असताना मी एकदा काठी घालून ढवळला. शिंतोडे पायावर. मामीने धावत येऊन पाय धुतला, खोबरेल चोपडलं आणि ओरडली, "तुला काय अवदसा आठवली रे!"

परवा एका फ्रेंच पुस्तकाच्या नावाशी अडलो आणि हे आठवलं. 'ले मालर द सोफी', कोंतेस द सेग्युर, १८५८. चार वर्षांची सोफी मेणाची बाहुली उन्हात ठेवते, तिचे डोळे आत पडतात. चुन्याच्या हौदात पाय घालते, जोडे-मोजे करपतात. मग आईचा बोध. बाईंचं स्वतःचं नावही सोफीच.

'मालर' म्हणजे दुर्दैव, असं कोश सांगतो. पण उन्हात बाहुली ठेवणं हे कसलं दुर्दैव? शब्दाची फोड केली तर 'माल' म्हणजे वाईट, आणि 'अर' आला लॅटिन 'ऑगुरियम'वरून, म्हणजे पक्ष्यांच्या हालचाली पाहून वर्तवलेलं भाकीत. आपल्या 'शकुन'चा संस्कृतातला एक अर्थही पक्षीच. तेव्हा मुळावर गेलं तर मालर म्हणजे सरळ अपशकुन. पण 'सोफीचे अपशकुन' म्हटलं की मांजरच आडवं जातं!

मला मामीचा शब्द बरा वाटतो. अवदसा म्हणजे अवदशा, वाईट दशा. पत्रिकेतली 'दशा' तीच. (पदराच्या 'दशा' निघतात, तेही संस्कृत कोशात याच शब्दाखाली सापडतं.) गंमत क्रियापदात आहे. साडेसाती येते, अवदसा मात्र 'आठवते', आणि आठवते ती पोरालाच. ग्रहांनाही बोल आणि कार्ट्यालाही. फ्रेंच पुस्तक नावात नशिबाला दोष देतं आणि पानोपानी सोफीला. मामीचं दोन शब्दांत भागलं.

कशेडीचा घाट उतरून खेडच्या पुढे गेलं की पालगड, साने गुरुजींचं गाव. सेग्युरबाई १७९९च्या, गुरुजी १८९९चे. मुलाने चुकावं, आईने वळण लावावं, हा ऐवज दोघांचाही. पण नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली गुरुजींनी लिहिलेल्या पुस्तकाच्या नावात श्यामच्या खोड्या नाहीत, आई आहे. तिकडे सोफीच्या आईला मुखपृष्ठावर जागा नाही.

मामीला फोनवर सोफीची गोष्ट सांगितली. नावाबद्दल ती काहीच बोलली नाही.

"पायाला काय लावलं मग पोरीच्या?"

"दाईने जोडे-मोजे वेळेत ओढून काढले."

"जोडे होते म्हणून," मामी म्हणाली. "तू अनवाणी होतास."